वीस थेंब आंबट

बोरिवली,
ता. २ जानेवारी १९५७

चि. उत्तरा,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने मोजून द्यायची मला सवय नाही. कामाचं आधी लिहितो.

तुमच्या त्या रंगाच्या कारखान्यात, तू जिथे पांढरा कोट घालून बसतेस त्या प्रयोगशाळेत, एक निळा कागद असतो म्हणे. आंबटाला लागला की तांबडा होतो. त्याच्या पंचवीसेक पट्ट्या पाठवून दे. इथे माझा एकाशी वाद झाला आहे. पोस्टातला सहदेव रोज जेवणानंतर आपलं मध्वासव घेतो, तुला ठाऊक आहे. परवा दवाखान्यात चार माणसांदेखत म्हणाला, भाऊ, या खेपेचं काकडीच्या कोशिंबिरीला बरं पडेल. दिवाळीनंतर काढलेल्या दोन्ही बरण्यांबद्दल लोकांची हीच कुरकुर. मध, पाणी, धायटीची फुलं आणि एक महिना, याहून त्यात काही नाही, आणि एकतीस वर्षं मी तेच करतो आहे. लोकांच्याच जिभा बिघडल्या आहेत. पण आता कागद दाखवून त्यांची तोंडं बंद करायची आहेत.

तिसरी बरणी सव्वीस डिसेंबरला लावली. नेहमीसारखंच सगळं, आतून तूप फिरवलं, पिंपळीचा धूर दिला, तोंडाला कापड आणि माती लिंपली, थेंब काढायला एक भोक ठेवून त्याला बूच मारलं आणि गळ्यापर्यंत भाताच्या तुसात पुरली. कान लावला की आत सूं सूं चाललेलं ऐकू येतं. शेजारच्या बाईंनी सुगंधाला विचारलं, दारूबंदीच्या दिवसांत वैद्यबुवांनी हे काय आरंभलंय? मी म्हटलं, त्यांना सांग, बरणी प्राणायाम करते आहे.

पट्ट्या लवकर पाठव.

भाऊकाका

उत्तरा, मी सुगंधाकाकू. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आणि लखोटा उघडाच होता, म्हणून खाली चार ओळी घालते. ह्यांना कळू देऊ नकोस. सप्टेंबरात विषमज्वर झाला त्यात ह्यांच्या जिभेची चव गेली ती परत आलेली नाही. सगळी औषधं स्वतःवर गुपचूप करून झाली. मलाही सांगितलेलं नाही. मी खात्री करायला एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि झकास झालाय म्हणाले. पूर्वी आसवाचा रोज एक थेंब चाटायचे आणि आंबट चढायच्या आत काय ते करायचे. आता चाटतात आणि नुसतं हं म्हणतात. दोन बरण्या त्यानेच गेल्या. परवा रिकामी बरणी पुसताना स्वतःशीच बोलले, ही तिसरीही गेली तर दवाखाना बंद. ते नुसतं बोलून दाखवणारे नाहीत, तू ओळखतेसच. माझी जीभ तंबाखूच्या मिश्रीने भाजून गेलेली, बारीक चव मला कळत नाही. तुझ्या शिक्षणात यावर काही असेल तर बघ, पण ह्यांचा मान राखून.

*

मुलुंड,
ता. ४ जानेवारी १९५७

ती. भाऊकाकांस,

इथूनच वाकून नमस्कार करते, मध्ये डोंगर आहे म्हणून दिसायचा नाही. गंमतच आहे, तुमच्या बाजूने कान्हेरी आणि आमच्या बाजूने येऊर, डोंगर एकच. त्यातली मधमाशी सरळ उडून येत असेल. आपली पत्रं मात्र दादरला वळसा घालून येतात.

निळे कागद मागितलेत, पण त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. तो कागद आंबट आहे की नाही एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. मधाचं पाणी पहिल्या दिवसापासून आंबटच असतं, म्हणजे सहदेव जिंकायचा.

त्यापेक्षा तुम्हीच माझं एक काम करा. आमच्या महिला मंडळात मला ‘घरातलं रसायनशास्त्र’ यावर बोलायचं आहे. कारखान्यातली काचेची उपकरणं तिथे कोण आणणार? म्हणून स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी आंबटपणा मोजायची एक रीत मी बसवली आहे, आणि ती कुणीतरी भरवशाच्या हाताने करून बघायला हवी. तुमच्या जिभेला तिची गरज नाही, मला ठाऊक आहे. तुमचा हात मात्र मला हवा आहे.

रीत अशी. कळीचा चुना औषधाच्या बाटलीत पाण्याबरोबर घुसळून रात्रभर ठेवायचा आणि वरची स्वच्छ निवळी घ्यायची. पाण्यात चुना ठरावीकच विरघळतो, त्यामुळे मुलुंडची निवळी आणि बोरिवलीची निवळी सारख्याच जोराची. पांढऱ्या वाटीत दोन चमचे उकळून गार केलेलं पाणी, त्यात आसवाचे दहा थेंब आणि चिमटीभर हळद. मग निवळीचा एकेक थेंब टाकून हलवत जायचं. आंबट आहे तोवर हळद पिवळी राहते. आंबट संपलं की ती कुंकवासारखी लाल होते. तिथे थांबायचं. किती थेंब पडले तो त्याचा आंबटपणा. गेल्या वर्षीचं चांगलं आसव उरलं असेल तर आधी त्याचे थेंब मोजा, म्हणजे चांगलं कुठे असतं ते कळेल.

काका, कॉलेजात पहिल्यांदा थेंब मोजायची काचेची नळी हातात दिली तेव्हा सगळ्या मुली बिचकल्या होत्या. मी नाही. मे महिन्याच्या सुटीत तुम्ही मला ओटीवर बसवून डोळे मिटायला लावायचात, जिभेवर थेंब ठेवायचात आणि विचारायचात, आधी काय लागलं, मग काय, शेवटी काय? आठ वर्षांची होते मी. घरात बाकी कुणी मला कधी तीन प्रश्न लागोपाठ विचारले नव्हते. मी आज जी काही आहे ती त्या ओटीवर झाले आहे. हे तोंडावर सांगायला मला लाज वाटते, म्हणून पत्रात लिहिते.

तुमची
उत्तरा

*

बोरिवली,
ता. ७ जानेवारी १९५७

चि. उत्तरा,

हळद आणि चुना! बापाने एवढी फी भरून शिकवली आणि शेवटी पोरीने कुंकू करून दाखवलं. तुझ्या काकूला वाचून दाखवलं तर म्हणाली, हे तर माझी आजी करायची. मी म्हटलं, हो, पण तिने थेंब मोजले नव्हते.

मोजले. गेल्या वर्षीच्या आसवाची अर्धी शिशी कपाटात होती. पहिल्यांदा वीस, दुसऱ्यांदा एकवीस, तिसऱ्यांदा वीस. विसाव्या थेंबाला ती वाटी अशी लाल होते की मला राहवेना, चौथ्यांदाही करून पाहिलं.

आता वाईट बातमी. या बरणीचा आकडा तेहेतीस आला. आणि शनिवारपासून सूं सूं बंद आहे. बुचाच्या भोकाशी जळती काडी धरली तर पूर्वी फट्‌कन विझायची, आता शांतपणे जळत राहते. पण आसव झालेलं नाही. बोटांत घेतलं तर अजून तार येते, म्हणजे मध तसाच पडून आहे. गोडही संपलं नाही आणि आंबटही वाढलं, असं अर्ध्या वाटेत बसलेलं आसव मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. किंवा असं म्हणतो, बसायच्या आत उठवत आलो होतो.

तुझ्या मंडळातल्या बायकांना यावर काय सांगणार आहेस ते मला आधी सांग.

भाऊकाका

उत्तरा, ह्यांचं मोजणं मोठ्याने चालतं, चौदा, पंधरा, सोळा, ते मला चुलीपाशी ऐकू येतं. चार महिन्यांत ह्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. आकडा चढला म्हणून जेवले मात्र नाहीत. लवकर काहीतरी कळव गं.

*

मुलुंड,
ता. ८ जानेवारी १९५७

ती. भाऊकाकांस,

तुमचं बोटावरून तार बघणं वाचलं आणि मी आमच्या साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, हा माणूस आपल्याकडे हवा होता. मी म्हटलं, तो तुम्हाला परवडायचा नाही.

काय झालं असावं ते सांगते. आसव उठवणारे बारीक जीव मध खातात आणि खाता खाता स्वतःच आंबट तयार करतात. द्राक्षाच्या रसात हे आंबट सावरून धरणारे क्षार असतात. मधात ते नसल्यासारखेच. मग आंबट भराभर चढतं आणि ते जीव आपणच केलेल्या आंबटात गुदमरून बसतात. मेलेले नाहीत, दमले आहेत. आंबट थोडं उतरवलं तर पुन्हा उठतील.

त्याला खडू लागतो. पण कारखान्यातला खडू मी तुमच्या बरणीत जाऊ देणार नाही. शिंपल्याची पूड म्हणजे तोच पदार्थ. शिंपले घासून, उकळून, वाळवून, कुटून वस्त्रगाळ करा. एका वेळी पाव तोळा, जास्त नाही, नाहीतर फेस उसळून बूच आढ्याला लागेल. ढवळा, अर्धा दिवस थांबा, पुन्हा थेंब मोजा. विसाच्या खाली मात्र नेऊ नका. आंबट अगदीच काढून टाकलं तर भलतेच जंतू माजतात, त्यांना दूर ठेवायला थोडं आंबट हवंच.

तुमच्या ग्रंथात हे नसेल. रागावू नका.

तुमची
उत्तरा

*

बोरिवली,
ता. १४ जानेवारी १९५७, संक्रांत

चि. उत्तरा,

तिळगूळ वेगळ्या पुडीत पाठवतो आहे. गोड बोलायचं मी मनावर घेत नाही, पण आज बोलणार आहे.

रागावलो होतो. ग्रंथात मध्वासवाला शिंपला नाही, म्हणजे नाही. तुझं पत्र मी दिवसभर पालथं घालून ठेवलं. दुपारी सुलक्षणा आली, ती रेल्वेच्या चाळीतली, अम्लपित्ताची. छातीत जळजळ, आंबट ढेकर, नेहमीचंच. मी शंखभस्माची पुडी बांधायला घेतली आणि बांधता बांधता हात थांबला. बाईच्या पोटातलं आंबट मी इतकी वर्षं शंखानेच उतरवतो आहे, मग बरणीच्या पोटाने माझं काय वाकडं केलं? सुलक्षणा पुडीकडे बघत बसली आणि मी तुझं पत्र उलटं केलं.

शिंपले वर्सोव्याच्या माणिककडून आले. गुडघ्याला तेल न्यायला येते ती कोळीण. टोपली उतरवली आणि हसत सुटली, कारण आतलं खायचं फेकून वरचं कवच मागणारं गिऱ्हाईक तिला आजवर भेटलं नव्हतं. मी दोन दिवस कुटत होतो. पाव तोळा घातला, एकोणतीस. दुसरा घातला, पंचवीस. तिसऱ्याला एकवीस. तिथे थांबलो, तू सांगितलं होतंस म्हणून.

आज सकाळी तुसात गुडघे टेकून कान लावला. आधी काही नाही. मग एक बारीक टिक्‌. मग सूं. मी सुगंधाला एवढ्या मोठ्याने हाक मारली की ती पिठाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं मी पडलो.

उत्तरा, आपल्या घराण्यात वैद्य पुष्कळ झाले. बसलेली बरणी डोंगराच्या पलीकडून, न बघता, न चाखता उठवणारं कुणी झालं नाही. तुझ्या वडिलांना हे वाचून दाखव. मुलीला कारखान्यात पाठवताना कुरकुरत होता.

बाटलीतली निवळी संपली. आता ती मी शास्त्राप्रमाणे करणार आहे. तुझी औषधाची बाटली ठीक, पण अशी पाणी पसरट वाडग्यात, उघड्यावर, चांदण्यात ठेवायची असतात, म्हणजे ती शीतल होतात. परवा पौर्णिमा आहे, मुहूर्त आयताच मिळाला. एकदाच मोठा वाडगा भरून ठेवतो, पुढचे पंधरा दिवस बघायला नको.

भाऊकाका

तिळगूळ खाऊन ह्यांनी छान गोड झालाय म्हणून मला शाबासकी दिली. या वर्षी माझा पाक करपला होता. तू खाताना सांभाळून खा.

*

(कार्ड)

बोरिवली,
ता. २१ जानेवारी १९५७

चि. उत्तरा, घाईत लिहितो. आकडा पुन्हा चढतो आहे. सतरा तारखेला सव्वीस, एकोणिसाला एकतीस, आज अडतीस. आत आवाज मंद चालू आहे. शिंपला पुन्हा घालायचा धीर होत नाही, तू सांगशील तसं करीन. उलट टपाली उत्तर दे. भाऊकाका

*

मुलुंड,
ता. २२ जानेवारी १९५७

ती. भाऊकाकांस,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चार दिवसांत बारा थेंब चढले याचा मला एकच अर्थ लागतो. बरणीत हवा शिरली आणि आसवाचा शिरका होऊ लागला. तसं असेल तर शिंपला घालून उपयोग नाही. तो आजचं आंबट खाईल आणि उद्या नवीन तयार होईल. आसवाचा शिरका होतो, शिरक्याचं आसव होत नाही.

तुमच्या हातून काही चुकलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पुढच्या बरणीला आपण पहिल्या दिवसापासून थेंब मोजू. पुढची बरणी लावाल ना?

उत्तरा

*

बोरिवली,
ता. २४ जानेवारी १९५७

चि. उत्तरा,

पत्र पोचलं. तू फाडलेल्या तीन पत्रांतही हेच असणार, म्हणून त्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता लपवण्यात अर्थ नाही. माझी जीभ गेली आहे. सप्टेंबरच्या तापात गेली. सुरुवातीला वाटलं महिन्याभरात येईल. मिरी, आलं, कडुनिंब, सगळं चावून पाहिलं. कडुनिंब आणि केळं यांत मला आता फक्त मऊ आणि चरबरीत एवढाच फरक कळतो. सहदेवाशी वाद वगैरे काही नव्हता. त्याने कोशिंबीर म्हटलं तेव्हा मी ती शिशी तोंडाला लावली आणि मला पाणी लागलं. भरल्या दवाखान्यात मी हसून वेळ मारून नेली. तुला कागद मागितला तो त्यासाठी.

तू थेंबांची रीत दिलीस आणि पंधरा दिवस मला वाटलं की आपण डोळ्यांनी चाखू. ते दिवस फार चांगले गेले. पण दोन आंबलेल्या बरण्या मला आधी कळल्या नाहीत, आणि तिसरी मोजूनसुद्धा हातातून गेली. एकतीस वर्षं लोक माझ्या जिभेवर विसंबून औषध घेत आले. जीभ नसलेल्या वैद्याने त्यांना काय पाजावं? शनिवारी, सव्वीस तारखेला, बरणीचा महिना भरतो. त्या दिवशी माती फोडून विहिरीजवळच्या केळींना ओतीन. पाटी उतरवीन. बरण्या सुगंधाला लोणच्यांना होतील.

तुझी रीत खोटी आहे असं मात्र समजू नकोस. ती फार सुंदर आहे. मंडळात सांग.

भाऊकाका

उत्तरा, ह्यांनी तुला लिहिलं ते बरं झालं, मला अजून सांगितलेलं नाही. पाटी पुसून ठेवली आहे. मी काल बूच काढून बोट घालून चाखलं. मला काही शिरका वाटला नाही, पण माझी जीभ ती काय, तिच्यावर जाऊ नकोस. दवाखाना बंद झाला तर घरात नुसते बसून हे कसे राहतील, ते माझ्याच्याने बघवायचं नाही. एक कटकट तेवढी कमी होईल. त्या चुन्याच्या वाडग्यावर रोज सकाळी पांढरी साय धरते, ती मला चमच्याने काढावी लागते. चुन्याच्या पाण्यावर दुधासारखी साय येते हे मी या वयात पाहिलं.

*

(तार)

मुलुंड, २५ जानेवारी

बरणी ओतू नका. चूक माझी. उद्या सकाळी येते. उत्तरा

*

बोरिवली,
ता. २९ जानेवारी १९५७

चि. उत्तरा,

तू शनिवारी इथे होतीस, सगळं तुझ्यासमोर झालं, तरी हे पत्र लिहितो आहे. कारण नेमक्या वेळी तुझे डोळे मिटलेले होते आणि तुला जे दिसलं नाही ते मी पाहिलं.

आधी तुझ्या चुकीबद्दल. येता क्षणी तू पायांवर डोकं ठेवलंस आणि म्हणालीस, निवळीच्या बाटलीला बूच घट्ट लावा हे मी लिहिलं नाही, आणि का लावा तेही लिहिलं नाही. बरं, नाही लिहिलंस. पण चुन्याची निवळी चांदण्यात शीतल करायला ठेवणारा शहाणा मीच ना? उघड्यावर हवा तिला खात होती. ती साय म्हणजे तिच्यातला जोर, रोज वर येऊन धरत होता आणि तुझी काकू रोज तो चमच्याने काढून मोरीत टाकत होती. निवळी दिवसेंदिवस अशक्त, म्हणून तिचे थेंब जास्त लागत होते. आसव होतं तिथेच होतं. आम्ही दोघं नवराबायको मिळून आकडा चढवत होतो आणि तू बिचारी पलीकडे बसून त्याला शिरका म्हणत होतीस. यात कुणी कुणाला रागवायचं ते मला समजेना, म्हणून मी कुणालाच रागावलो नाही. काकू म्हणते, असं पहिल्यांदाच झालं.

तू आणलेल्या गळ्यापर्यंत भरलेल्या, बूच मारलेल्या बाटलीतले थेंब मी टाकायला लागलो तेव्हा पहिलाच वाटीबाहेर पडला. तू माझा हात धरला नाहीस. धरला असतास तर मला आवडलं नसतं, हे तुला कसं कळलं ठाऊक नाही. अठरा, एकोणीस, वीस, आणि वाटी लाल झाली.

मग माती फोडली. आसव गाळलं. काकूने पळी तुझ्यापुढे धरली आणि मी न सांगता तू ओटीवर जाऊन बसलीस, आठव्या वर्षी बसायचीस त्याच खांबाशी, आणि डोळे मिटलेस. इथून पुढचं तुला दिसलं नाही.

थेंब जिभेवर पडल्यावर तुझ्या दोन्ही भुवया एकदम सैल झाल्या. ते गोड. मग गाल किंचित आत गेले. ती धायटीची फुलं, तुरट. मग डाव्या डोळ्याच्या कडेला एक बारीकशी सुरकुती आली, आली आणि तिथेच थांबली, पुढे गेली नाही. ते आंबट. आंबट चढलेलं असतं तर सगळा चेहरा गोळा झाला असता. सहदेवाचा झाला होता आणि मी मूर्ख त्याच्याकडे न बघता शिशीकडे बघत होतो. तू तोंड उघडून काही सांगायच्या आत मला सगळं आसव कळलं होतं. चार महिन्यांनी मी चाखलं, उत्तरा. ते तुझ्या तोंडावर चाखलं.

मग तू डोळे न उघडताच म्हणालीस, “आधी गोड, मग तुरट, आंबट सगळ्यांत शेवटी, आणि ते राहत नाही. काका, हे तुमचंच आहे.” तुझ्या काकूने पदर डोळ्यांना लावला आणि तो हळदीने माखलेला निघाला, म्हणून तुम्ही दोघी हसत सुटलात. पंचा आणतो म्हणून मी आत गेलो, ते पंचा आणायला नव्हे.

पाटी जिथल्या तिथे आहे. सहदेवाला काल एक शिशी दिली आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. दवाखान्यात जमलेल्यांना मी सरळ सांगितलं की माझी जीभ गेली आहे, यापुढे वैद्य थेंब मोजून औषध देईल. कुणी उठून गेलं नाही. चौथी बरणी आज लावली. थेंब रोज मी मोजणार, बूच मारलेल्या बाटलीतले. पण महिना भरेल त्या दिवशी तू यायचंस आणि खांबाशी बसायचंस. मुलुंडहून सुटी मिळत नसेल तर तुझ्या साहेबांना मी पत्र लिहितो. महिला मंडळातलं ते भाषण झालं का? मंडळ असं काही नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू लहानपणीही खोटं बोलताना फार तपशील द्यायचीस. पण आता कुठलं तरी मंडळ शोध आणि ते भाषण करच.

एक शेवटचं. जानेवारीच्या पहिल्या पत्राचा लखोटा मी बंद करायला घेतला, डिंकाला जीभ लावली आणि काहीच लागलं नाही. डिंकाची ती गुळमट चव लहानपणापासूनची. एवढीशी गोष्ट, पण त्या दिवशी मी फार भ्यालो आणि लखोटा तसाच उघडा तुझ्या काकूच्या हातात दिला. ती बराच वेळ फळीपाशी पाठमोरी उभी राहून लिहीत होती. मी पाहिलं. काय लिहीत असेल ते मला कळलं. जे मला सांगता येत नव्हतं ते ती सांगत होती. म्हणून त्यानंतरचे सगळे लखोटे मी मुद्दाम उघडे दिले. मीठ घातलेला चहाही मला कळला होता. ढवळताना तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

काल रात्रीच्या जेवणाला मी तिला म्हटलं, सुगंधा, आमटी कशी झाली आहे ते तूच सांग, मला कळत नाही. ती म्हणाली, मीठ थोडं कमी आहे. मी वाढून घेतलं.

आज हा लखोटा मी स्वतः जीभ लावून बंद करतो आहे. तिला खाली लिहिण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

भाऊकाका